घरातील आजाऱ्याची अखेरची शुश्रूषा



११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. या निमित्ताने आपण मिस्सामध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. ती बहुधा आजारी बरे व्हावेत अशीच असते, आणि ते योग्यच आहे. परंतु जो आजारी आता बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्याच्या घरच्यांनी काय करावे यावर आपल्यात फारसे बोलले जात नाही. आम्हा तीन भावंडांवर ही वेळ २०२२ साली आली. आमच्या पप्पांना यकृताचा कर्करोग झाला होता. तेव्हा आम्हाला जे ठाऊक नव्हते, ते इतरांना वेळेवर कळावे म्हणून हा लेख.

पप्पा तेव्हा ६४ वर्षांचे होते. वाडीत काम करणारे, कधी दारूला न शिवलेले. आजाराचे नाव बाहेर कळताच पहिली कुजबुज मात्र दारूचीच झाली. भेटायला आलेल्यांपैकी दोघांनी तर आईला तोंडावर विचारले. म्हणून हे आधी सांगतो: यकृताचा कर्करोग दारूमुळे होऊ शकतो, तसाच तो हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंमुळे आणि यकृतात चरबी साठूनही होतो. पप्पांच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला. तो बाळंतपणात आईकडून बाळाला किंवा नीट न उकळलेल्या सुईतून येऊ शकतो, आणि माणसाला पत्ता न लागता अनेक वर्षे शरीरात राहतो. पप्पांच्या लहानपणी त्यावर लसच नव्हती. आपल्या घरात असा रुग्ण असेल तर बाकी सर्वांनी रक्त तपासून घ्यावे आणि लस टोचून घ्यावी. आम्ही ते केले. एकत्र जेवल्याने किंवा आजाऱ्याचा हात हातात घेतल्याने हा रोग पसरत नाही.

डॉक्टरांनी निदान सांगितले ते आम्हाला, इस्पितळाच्या व्हरांड्यात. गाठी पसरल्या होत्या, यकृत निकामी होत चालले होते. शस्त्रक्रिया होणार नव्हती. आम्ही तिथेच ठरवले की पप्पांना काही सांगायचे नाही. "लिव्हरला सूज आहे, औषधाने उतरेल," असे सांगितले. आम्हाला वाटले आपण त्यांना जपतो आहोत. आता वाटते, आम्ही स्वतःला जपत होतो.

या खोटेपणातून पुढची प्रत्येक चूक झाली. पप्पा आणि आमचे काका, सख्खे धाकटे भाऊ, बांधाच्या वादावरून अकरा वर्षे बोलत नव्हते. एका संध्याकाळी पप्पा म्हणाले, "धाकट्याला बोलाव." काका आले तर पप्पांना आपली वेळ जवळ आल्याचा संशय येईल, म्हणून आम्ही म्हणालो, "आधी बरे व्हा, मग बोलावू." फादरांना बोलावण्याचे आईने सुचवले, तेही आम्ही त्याच कारणाने टाळले. फादर घरात आले म्हणजे सगळे संपले, अशी भीती आपल्या मनात घर करून बसली आहे.

ही भीती चर्चच्या शिकवणीला धरून नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा संस्कार नाही. आजाराने किंवा वृद्धापकाळाने जीवाला धोका निर्माण होऊ लागला की तो घेण्याची वेळ आलेली असते. आजार वाढला तर तो पुन्हाही घेता येतो. लोक आजही त्याला 'शेवटचे तेल' म्हणतात, ते सोडायला हवे. मरणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा खरा शेवटचा संस्कार म्हणजे पवित्र कम्युनियन, वाटेची शिदोरी. ती घेण्यासाठी शुद्ध असावी लागते, गिळता यावे लागते. पापनिवेदनासाठीही शुद्ध हवी. म्हणूनच उशीर करू नये.

यकृताच्या आजारात हे फार महत्त्वाचे आहे, कारण या आजारात माणूस शेवटपर्यंत सावध राहील याची खात्री नसते. यकृत रक्तातली विषारी द्रव्ये काढून टाकू शकत नाही, ती मेंदूवर परिणाम करतात. आधी झोपेची वेळ उलटी होते: दिवसा गुंगी, रात्री जाग. मग हात थरथरतात, बोलणे विसंगत होते, ओळख पटत नाही. पप्पांचे असेच झाले. अखेर काका आले, तेव्हा पप्पांनी त्यांना आमच्या आजोबांच्या नावाने हाक मारली. काका ओट्यावर जाऊन बसले, ते बराच वेळ आत आले नाहीत.

त्या दिवशी आमच्याकडे घरी येऊन तपासणाऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोट कधी साफ झाले?" चार दिवस झाले होते. डॉक्टरांनी लॅक्ट्यूलोज नावाचे पातळ औषध दिले होते, पण त्याने वारंवार शौचाला न्यावे लागते म्हणून आम्हीच ते बंद केले होते. ते साधे रेचक नसून डोके शुद्धीवर ठेवणारे औषध आहे, हे कोणी आम्हाला समजावले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. सिस्टरांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून ते पुन्हा सुरू केले. दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पांनी डोळे उघडले आणि पाणी मागितले. मग काकांकडे पाहून म्हणाले, "कधी आलास?"

दीड दिवस ते शुद्धीवर होते. फादर आले, पप्पांनी पापनिवेदन केले, आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. मग रुग्णाभ्यंग आणि कम्युनियन झाले. काका शेजारीच बसून होते. बांधाचा विषय कोणी काढला नाही. आजार कर्करोगाचाच आहे, हे त्या रात्री आम्ही पप्पांना सांगितले. ते म्हणाले, "मला ठाऊक होते. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही." प्रत्येक रुग्णाला अशी शुद्ध परत येईलच असे नाही. आमच्या बाबतीत ती आली, एवढेच.

आता उपचारांविषयी. एका इस्पितळात आम्हाला सांगण्यात आले की अतिदक्षता विभागात ठेवा, अजून काही करून पाहता येईल. काय करून पाहणार आणि त्याने काय साधणार, याचे उत्तर मिळाले नाही. आईने बांगड्या मोडायची तयारी केली होती. नाही म्हणणे म्हणजे पप्पांना मारणे, असे तेव्हा वाटले. चर्चची शिकवण तशी नाही. जाणूनबुजून मृत्यू घडवून आणणे निषिद्धच आहे. परंतु ज्या उपचारांचा भार मोठा आणि लाभ नगण्य, ते थांबवण्यात पाप नाही. तिथे आपण मृत्यू आपल्या हाताने आणत नसतो, तो अटळ आहे हे स्वीकारत असतो. स्वतः पोप दुसरे जॉन पॉल यांना २००५ साली अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात हलवले नाही. २ एप्रिलला ते व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच निवर्तले. भारतीय कायद्याच्या दृष्टीनेही, सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असे उपचार नाकारण्याची इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली आहे.

उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही, उलट खरे काम तेव्हाच सुरू होते. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस. तिथे अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची विनामूल्य सेवा होते. टाटा मेमोरियलमध्येही यासाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणी लवकर जावे, अगदी अखेरच्या आठवड्यात नव्हे.

मॉर्फिनला घाबरू नये. पोप बारावे पायस यांनी फेब्रुवारी १९५७ मध्येच सांगितले होते की दुसरा उपाय नसेल तर वेदना शमवण्यासाठी असे औषध देणे योग्य आहे, त्याने गुंगी आली किंवा आयुष्य थोडे कमी झाले तरी. हेतू वेदना शमवण्याचा असावा, आणि शक्यतो आधी माणसाने आपली कर्तव्ये उरकलेली असावीत. मात्र यकृत दुबळे असल्याने मात्रा कमी लागते, म्हणून ती जाणकार डॉक्टरांनीच ठरवावी. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, तेव्हा पोट साफ ठेवण्याचे औषध सोबत हवेच. शेजारच्यांनी दिलेल्या अंगदुखीच्या किंवा झोपेच्या गोळ्या कधीही देऊ नयेत.

घरच्या कामात आम्हाला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी अशा. कावीळ वाढली की अंगाला फार खाज येते. नखे कापावीत, सुती कपडे घालावेत, गार ओल्या फडक्याने अंग पुसावे. पोटात पाणी साठून दम लागला तर ते सुईने काढता येते, त्याने आराम पडतो. उशा लावून बसते करावे. जेवण्याचा आग्रह धरू नये. आई पेज घेऊन तासभर बसायची आणि पप्पा तिच्यासाठी दोन चमचे घेऊन उलटी करायचे. भूक मरणे हा आजाराचाच भाग आहे, हे कळल्यावर दोघेही सुटले. नंतर ओल्या कापसाने ओठ भिजवणे पुरे झाले. रक्ताची उलटी होण्याचा धोका असतो, म्हणून सिस्टरांनी गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवायला सांगितले होते. त्यांची गरज पडली नाही, पण ते तिथे आहेत याचा धीर होता.

आणि पाळ्या लावाव्यात. एकट्या पत्नीवर किंवा सुनेवर सगळे सोडू नये. भेटायला येणाऱ्यांनी फळे आणण्याऐवजी एक रात्र जागायला यावे, किंवा धुणे घेऊन जावे. आमच्या शेजारच्या घरातून दहा दिवस संध्याकाळचा डबा आला. ती मदत आई अजून आठवते.

शेवटच्या दिवशी श्वास थांबून थांबून येत होता, घशात घरघर होती, पाय गार पडले होते. असे होणार हे सिस्टरांनी आधीच सांगितल्यामुळे आम्ही इस्पितळाकडे धावलो नाही. जपमाळ सुरू होती. पहाटे तीनची पाळी काकांची होती, त्यांनीच आम्हाला उठवले.