नेमके सांगावे, नीट ऐकावे

मनुष्याला लाभलेल्या देणग्यांमध्ये वाणीची देणगी फार मोठी आहे. तिच्या साहाय्याने आपण मनातील सुखदुःख दुसऱ्यापुढे उघड करतो, अनुभवाने मिळालेले ज्ञान पुढील पिढीच्या हाती देतो आणि एकट्याने न होणारी कामे दहाजणांच्या मदतीने तडीस नेतो. बोलता तर सर्वांनाच येते. त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु बोलता येणे आणि सांगता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तोंडून शब्द बाहेर पडला म्हणजे बोलणे झाले. तो शब्द, आपल्या मनात होता त्याच अर्थासह, ऐकणाऱ्याच्या मनात पोचला म्हणजेच सांगणे झाले.

रोजच्या व्यवहारातील एखादे उदाहरण घेऊ. घरी कोणी नसताना काकांचा दूरध्वनी येतो. ‘काका उद्या येणार आहेत,’ एवढा निरोप मुलगा आईला देतो. ते कोणत्या गाडीने येणार, किती वाजता पोचणार, त्यांना उतरवून घेण्यास कोणी जावयाचे की काय, हे विचारण्याचे राहून जाते. दुसऱ्या दिवशी वृद्ध काका सामान घेऊन स्थानकावर ताटकळत बसतात, आणि घरची मंडळी पाने मांडून त्यांची वाट पाहत राहतात. रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाला कोणी सांगतो, ‘हे काय, इथे जवळच!’ आणि तो बिचारा दोन मैल पायपीट करतो. आजारी मनुष्य डॉक्टरांपुढे ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणतो. ताप केव्हापासून आहे, दुखते कोठे, आधी कोणते औषध घेतले, हे सांगत नाही. या तिन्ही ठिकाणी कोणी खोटे बोललेले नाही, कोणाच्या मनात कपटही नाही. उणीव एवढीच, की सांगणे अपुरे राहिले आहे.

शब्दातील लहानसा फेरही केवढा अनर्थ घडवू शकतो, याची एक खूण आपल्या भाषेनेच जपून ठेवली आहे. सन १७७३ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांना धरण्यासाठी गारद्यांना जी लेखी आज्ञा दिली होती, तिच्यातील ‘धरावे’ या शब्दामध्ये ‘ध’ पुसून ‘मा’ करण्यात आला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्या कथेतून मराठीत रूढ झाला. कथेतील बदल जाणूनबुजून केलेला आहे. आपल्या नित्याच्या व्यवहारात मात्र असे कित्येक ‘ध’ केवळ निष्काळजीपणाने ‘मा’ होत असतात. म्हणून त्यांपासून अधिक सावध राहावयास हवे.

जेथे चुकीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते, तेथे ही सावधगिरी नियमानेच लावून दिलेली असते. आगगाडीचा चालक आणि त्याचा साहाय्यक यांचे उदाहरण पाहा. पुढील सिग्नल दोघांनाही दिसत असतो. तरीही तो कोणता आहे हे ते मोठ्याने उच्चारून एकमेकांस सांगतात. दोन स्थानकांचे स्टेशन मास्तर दूरध्वनीवरून गाडी सोडण्याची परवानगी देतात-घेतात, तेव्हाही केवळ ‘बरे’ म्हणून काम भागत नाही. परवानगी देणारा एक ठराविक खाजगी क्रमांक सांगतो आणि घेणारा तो वहीत नोंदवून ठेवतो. परक्याला हा खटाटोप व्यर्थ वाटेल. परंतु ‘मी सांगितले’ आणि ‘त्याला समजले’ यांमध्ये जी दरी असते, ती भरून काढण्यासाठीच हा सारा उपचार असतो.

ही दरी भरून काढण्याचा एक थोर प्रयत्न आपल्या शेजारच्या बांगलादेशात झाला. तो प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सन १९७१ मध्ये त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. छावण्यांत पटकीची साथ पसरली. जुलाब-वांत्यांनी शरीरातील पाणी व क्षार निघून जात आणि रोगी काही तासांतच दगावत. शिरेतून देण्याच्या सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा बनगाव येथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा प्रमाणात मिसळलेले पाणी रोग्यांना तोंडानेच पाजण्याचे ठरविले. रोग्यांचे नातेवाईकच ते पाजू लागले. जेथे शंभरांतील सुमारे तीस रोगी मरत होते, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. ज्याला आपण आज ‘जलसंजीवनी’ म्हणतो, त्या साध्या उपायाचे सामर्थ्य त्या छावणीत प्रकट झाले.

उपाय सापडला, परंतु तो खेड्यापाड्यांतील लक्षावधी मातांना सांगावयाचा कसा? पुष्कळ मातांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात तराजू नव्हता, मापे नव्हती. मीठ कमी पडले तर गुण कमी, आणि अधिक पडले तर बालकाला अपायच. तेव्हा ‘थोडे मीठ घाला, थोडे गोड घाला’ असे मोघम सांगून चालण्यासारखे नव्हते. हे काम फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने हाती घेतले. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे प्रत्येक घरात जवळच असलेले माप तिने ठरविले. सन १९८० पासून दहा वर्षे संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर हिंडल्या आणि एक कोटीहून अधिक घरांत त्यांनी ही माहिती पोचविली. त्या नुसते व्याख्यान देऊन परतत नसत. प्रत्येक मातेकडून ते द्रावण तिच्या हाताने करवून घेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. किती घरी जाऊन आली, यावर कार्यकर्तीचे वेतन अवलंबून नव्हते. काही दिवसांनी दुसरीच माणसे निवडक घरी जात आणि त्या मातेला काय आठवते, द्रावण बिनचूक करता येते की नाही, हे पाहत. मातेला जेवढे समजलेले असे, त्या मानाने कार्यकर्तीला मोबदला मिळे. म्हणजे मोल बोलण्याचे नव्हते; समजल्याचे होते!

तरीही आरंभी यश बेताचेच आले. मातांना कृती येत होती, परंतु मूल आजारी पडले म्हणजे तिचा उपयोग फार थोड्या घरांत होई. कार्यकर्त्यांनी लोकांना दोष दिला नाही. त्यांनी लोकांचे ऐकून घेतले. तेव्हा ध्यानात आले, की गावकरी जुलाबाच्या विकाराचे चार प्रकार मानतात आणि प्रत्येकाला निराळे नाव देतात. कार्यकर्त्या वापरत असलेला ‘डायरिया’ हा शब्द त्यांच्या लेखी केवळ पटकीसारख्या अतितीव्र विकाराचा होता. म्हणून इतर वेळी ते द्रावण देण्याचे कोणाच्या मनातच येत नसे. शब्द एकच, पण बोलणाऱ्याचा अर्थ एक आणि ऐकणाऱ्याचा दुसरा! घरातील पुरुषमंडळींना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. आणखी एक गोष्ट उघडकीस आली: काही कार्यकर्त्यांचाच त्या उपायावर पुरता विश्वास नव्हता. जे आपल्याला पटलेले नाही, ते दुसऱ्याला कसे पटावे? मग कार्यकर्त्यांना त्यामागील शास्त्र समजावून देण्यात आले, बाजारांत व मशिदींत पुरुषांच्या सभा भरविण्यात आल्या, आणि लोकांची भाषा ध्यानात घेऊन शिकवण सुधारण्यात आली. औषध तेच राहिले. सांगण्याची रीत बदलली, आणि त्याचा उपयोग वाढत गेला.

या हकिकतीत संभाषणाचे सारे मर्म आले आहे. सांगणाऱ्याने आधी स्वतः समजून घ्यावे. ‘थोडे’, ‘लवकर’, ‘जवळच’ असल्या मोघम शब्दांऐवजी नेमका शब्द आणि नेमके माप वापरावे. आपल्याला शोभेल त्यापेक्षा ऐकणाऱ्याला कळेल असा शब्द निवडावा. सांगून झाल्यावर ‘समजले ना?’ असे विचारून थांबू नये. कारण संकोचाने ‘हो’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘काय करावयाचे, ते एकदा मला सांगा पाहू,’ असे म्हणावे. कारण ऐकणाऱ्याला समजेपर्यंत सांगणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

ऐकणाऱ्याचीही जबाबदारी तितकीच मोठी आहे. दुसरा बोलत असताना आपण उत्तराची जुळवाजुळव करीत बसलो, तर ऐकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होय. न कळलेले विचारण्यात लाज नाही. न कळता मान डोलावण्यात मात्र धोका आहे. निरोप घेताना वेळ, स्थळ आणि नाव पुन्हा उच्चारून खात्री करून घेणे ही लहानशी सवय, परंतु ती पुढील कित्येक घोटाळे टाळते.

नेमकेपणाला सौजन्याची जोडही हवी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशा बोलण्याने खरी गोष्टसुद्धा कडू होते आणि ऐकणारा मनाचे दार लावून घेतो. याचा अर्थ गोड बोलण्यासाठी सत्य झाकावे, असा मात्र नव्हे. चूक दाखवावयाची असेल तर ती जरूर दाखवावी. पण अपमान करून नव्हे, तर समोरच्याला सुधारण्यास वाव राहील अशा रीतीने दाखवावी.

विद्यार्थी मित्रांनो, सभा गाजविणारे वक्ते थोडेच असतात, आणि प्रत्येकाने तसे झालेच पाहिजे असेही नाही. परंतु घरी, शाळेत, दुकानात, दवाखान्यात आणि पुढे आपापल्या उद्योगात प्रत्येकाला रोज काही सांगावे आणि काही ऐकावे लागते. नेमके सांगणारा आणि नीट ऐकणारा मनुष्य जेथे असतो, तेथे कामे सुरळीत चालतात आणि माणसांचा एकमेकांवरील विश्वास वाढतो. लाखो मातांच्या चिमटीत मिठाचे योग्य प्रमाण बसले, ते अशाच धीराच्या सांगण्या-ऐकण्यातून. आणि त्या चिमटीने असंख्य बालकांचे प्राण राखले.

स्वाध्याय

१. ‘बोलता येणे’ आणि ‘सांगता येणे’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. कार्यकर्तीचे वेतन मातेला समजलेल्या गोष्टींवर ठरविण्यामागील हेतू कोणता असावा?
३. ‘डायरिया’ या शब्दामुळे कोणता गैरसमज झाला? तो कसा दूर झाला?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तडीस नेणे, ताटकळत बसणे, ध चा मा करणे, पालथ्या घड्यावर पाणी.
५. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता परक्या माणसाला सापडेल अशा रीतीने आठ ओळींत लिहा. तो मित्रास वाचून दाखवा आणि त्याला काय समजले ते त्याच्या तोंडून ऐका.