पुळणीखालचे पाणी
(सामान्य विज्ञान : इयत्ता सातवी : पाठटिपण)

प्रास्ताविक.— कोकण किनाऱ्यावरील कित्येक गावांत समुद्रापासून थोड्याच अंतरावर गोड्या पाण्याची विहीर आढळते. “समुद्र इतका जवळ असून विहीर खारट कशी होत नाही?” असे किनाऱ्यावरचे मूल केव्हातरी विचारतेच. शिक्षकांनी याच प्रश्नापासून पाठास आरंभ करावा.

उद्देश.— पुळणीखालील वाळूत गोडे व खारे पाणी सतत वाहत असते, लाटा त्या प्रवाहाची वाट बदलतात आणि पाण्यात विरघळलेले पदार्थही त्याच वाटेने जातात, हे विद्यार्थ्यांस निरीक्षणाने समजावे.

विवेचन.— जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हळूहळू समुद्राकडे झिरपते. क्षारांमुळे समुद्राचे पाणी जड असते. गोड्या पाण्याचे वजन १००० धरल्यास तेवढ्याच समुद्रजलाचे सुमारे १०२५ भरते. म्हणून गोडे पाणी वर राहते व खारे पाणी त्याच्या खालून पाचरीसारखे जमिनीकडे शिरते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असल्यास सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकू शकते. बेसुमार उपशाने ती पातळी अर्धा मीटर उतरली, तर खारे पाणी कालांतराने सुमारे २० मीटर वर येऊ पाहते.

आता लाटांचे कार्य पाहू. लाट पुळणीवर चढते, तेव्हा तिचे सर्वच पाणी मागे फिरत नाही. काही भाग वाळूत मुरतो. त्यामुळे पुळणीखालील पाण्याची पातळी उंचावते. मुरलेले खारे पाणी खाली उतरते व पुढे समुद्राच्या बाजूस पुन्हा बाहेर पडते. भरती-ओहोटीही याच कार्यास साहाय्य करते. अशा रीतीने वर एक व तळाशी एक असे खाऱ्या पाण्याचे दोन साठे होतात आणि गोडे पाणी त्या दोहोंमधून वाट काढत ओहोटीच्या रेषेजवळ समुद्रास मिळते. वादळी लाटांनी आत ढकललेले खारे पाणी समुद्र शांत झाल्यावरही वाळूत कित्येक दिवस रेंगाळते.

या संगमात केवळ पाणीच मिसळते असे नाही. लाटांबरोबर वाळूत प्राणवायू येतो. भूजलातील विरघळलेल्या लोहाचा त्याच्याशी संयोग होऊन गंज बनतो व वाळूच्या कणांवर बसतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉक्वॉइट उपसागराच्या पुळणीखाली असा लोहाचा थर आढळला. त्याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. हा थर भूजलातील फॉस्फेट धरून ठेवतो. मात्र सर्वच पदार्थ असे अडत नाहीत. खताच्या व शौचखड्ड्याच्या पाण्यातील नायट्रेट पुष्कळदा समुद्रापर्यंत पोहोचते. वाळू पाणी गाळते खरी, परंतु विरघळलेले सर्व काही गाळत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी.

प्रयोग.— काचेच्या पेटीत धुतलेल्या वाळूचा उतार करावा. उंच बाजूस तळाशी भोके पाडलेला डबा पुरून त्यात साधे पाणी थोडथोडे ओतीत राहावे. सखल बाजूस शाई मिसळलेले मिठाचे पाणी भरून फळीच्या तुकड्याने मंद लाटा उठवाव्या. रंग वाळूत कोठे शिरतो, हे काचेतून दर पाच मिनिटांनी पाहून त्याची आकृती काढावी. प्रथम लाटांवाचून व नंतर लाटांसह प्रयोग केल्यास भेद स्पष्ट होईल.

क्षेत्रनिरीक्षण.— समुद्र शांत असताना, ओहोटीच्या वेळी व शिक्षकांच्या देखरेखीखाली पुळणीच्या वरच्या भागात आणि ओहोटीच्या रेषेजवळ उथळ खड्डे खणावे. प्रत्येकातील समान पाणी ताटलीत घेऊन उन्हात आटवावे व उरलेले मीठ तोलावे. पाण्याची चव घेऊ देऊ नये. निघताना खड्डे बुजवावे. पावसाळ्यात हे निरीक्षण करू नये.

जीवनाशी संबंध.— गावातील विहीर मचूळ झाली की दोष समुद्रास दिला जातो. परंतु लाटांचा प्रभाव मुख्यतः पुळणीच्या पट्ट्यापुरता असतो. विहिरीपर्यंत खारे पाणी येते ते बहुधा माणसाने गोडे पाणी अधिक उपसल्यामुळे. आज जे मूल ताटलीतील मीठ तोलील, तेच उद्या विहिरीवर पंप बसविताना पाण्याची पातळी मोजील.

स्वाध्याय.— (१) खारे पाणी गोड्या पाण्याच्या खाली का राहते? (२) लाटा थांबल्या तरी वाळूतील खारेपणा लगेच का जात नाही? (३) किनाऱ्यावरील विहिरीजवळ शौचखड्डा का नसावा?