बिबचे पैसे आणि बाकीचे पैसे

रनिंग किंवा सायकलिंग क्लबात नवा सभासद आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्पर्धेची फी किती? फी विचारावीच. पण ठाणे पूर्वेच्या कोपरीत राहणाऱ्याने स्पर्धा निवडताना आधी तीन गोष्टी पाहाव्यात: पहाटे तिथे पोचणार कसं, रात्री मुक्काम करावा लागेल का, आणि पायातला बूट तोवर टिकेल का. वर्षाचा मोठा खर्च या तिन्हींत होतो. खालचे आकडे बाजारात साधारण आढळणारे आहेत. दुकान आणि हंगामाप्रमाणे ते थोडे मागेपुढे होतील.

सुरुवात घराजवळून करावी. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन काही वर्षांच्या खंडानंतर १० ऑगस्ट २०२५ला पुन्हा झाली, ती एकतिसावी. पाचपाखाडीतलं महापालिका मुख्यालय ठाणे पूर्वेहून चालत किंवा रिक्षाने गाठता येतं. म्हणजे मुक्काम नाही, टॅक्सी नाही, घरचा चहा घेऊन निघता येतं. पावसात धावण्याची सवय होते ती वेगळीच. पहिल्या वर्षी अशाच एक-दोन स्पर्धा कराव्यात. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या खासगी स्पर्धांत १० किलोमीटरला साधारण ७०० ते १,२०० रुपये आणि अर्ध्या मॅरेथॉनला हजार ते दीड हजार रुपये पडतात. लवकर नोंदणी केली तर दोनेकशे वाचतात. अर्ज भरताना शेवटच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ वाढतं, तेही धरून बेरीज करा. फीत टी-शर्ट, मेडल, टायमिंग चिप आणि नाश्ता यांपैकी काय काय आहे ते वाचून घ्या. टी-शर्टचे पैसे वेगळे असतील तर तो खुशाल सोडा, कपाटात आधीच चार असतात.

मग येते टाटा मुंबई मॅरेथॉन. २००४ला सुरू झालेली ही स्पर्धा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते, आणि क्लबातल्या प्रत्येकाला ती एकदा तरी करायचीच असते. हिची फी गावातल्या स्पर्धेच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असते. नोंदणी साधारण पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून पैसे ऑगस्टसाठी बाजूला ठेवावेत. साध्या नोंदणीतून जागा मिळाली नाही तर संस्थेला देणगी देऊन मिळणारा चॅरिटी बिब (बिब म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) उरतो, पण त्याची रक्कम फीच्या कितीतरी पट असते. संस्थेला मनापासून मदत करायची असेल तरच तो घ्यावा. केवळ धावायला मिळावं म्हणून एवढा खर्च करू नये. पुढच्या वर्षीही जानेवारी येतोच.

या स्पर्धेचा एक खर्च कुणाच्या हिशेबात नसतो. बिब स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं स्पर्धेचं प्रदर्शन गाठावं लागतं. ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस किंवा रिक्षा, प्रदर्शनातली गर्दी, तिथले सवलतीचे स्टॉल. अर्धी रजा आणि बऱ्याचदा हजारभर रुपये तिथेच जातात. काय घ्यायचं ते घरूनच ठरवून जा. स्पर्धेच्या पहाटेचं मात्र तितकं अवघड नाही. गेल्या काही वर्षांत मध्य रेल्वेने त्या दिवशी कल्याणहून पहाटे तीनच्या सुमारास विशेष लोकल सोडली आहे. ठाण्याहून सीएसएमटीचं साधं तिकीट १५ रुपये आहे. वेळापत्रक स्पर्धेच्या आठवड्यात जाहीर होतं, ते पाहूनच टॅक्सीचा विचार करावा. अर्धी मॅरेथॉन माहीमहून सुटत असेल तर दादरला गाडी बदलण्याचा वेळ धरा. चौघे मिळून गाडीने जाणार असाल तर ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. म्हणजे आनंदनगर नाक्याचे पैसे आता वाचतात.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. दुसऱ्याचा बिब विकत घेऊ नका आणि आपला विकू नका. दुखापत झाली आणि जमणार नाही असं दिसलं की सभासद क्लबच्या ग्रुपवर ‘बिब आहे, कुणाला हवा का’ असं टाकतात. फी परत मिळत नाही म्हणून ते होतं, हे समजू शकतं. पण बिबवरच्या क्रमांकाशी नाव, वय, रक्तगट आणि घरच्यांचा फोन जोडलेला असतो. धावताना कुणी कोसळला तर डॉक्टरांच्या हातात भलत्याच माणसाची माहिती पडते आणि फोन भलत्याच घरी जातो. बुडालेले दोन-अडीच हजार बुडू द्यावेत.

आता बूट. रोजच्या धावण्याला साडेतीन ते सहा हजारांचा जोड पुरतो. कार्बन प्लेटचे पंधरा-वीस हजारांचे बूट अर्धी मॅरेथॉन पावणेदोन तासांच्या आत येऊ लागल्यावर बघावेत, त्याआधी तो पैसा वाया जातो असं माझं मत आहे. साधा जोड सहाशे-सातशे किलोमीटर चालतो. आठवड्याला तीस किलोमीटर धावणाऱ्याचा जोड जेमतेम पाच-सहा महिने टिकतो, म्हणजे वर्षाला दोन जोड आलेच. पावसाळ्यात ते दोन आलटून पालटून घालावेत, ओला बूट एका दिवसात वाळत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावरच्यांवर १८ टक्के. मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत अडीच हजारांखाली मिळत असेल तर ते पायात घालून जरूर पाहा. घड्याळ पहिल्या वर्षी लागत नाही, फोनमधलं अॅप पुरतं. त्या पैशांत चाळिशी उलटलेल्यांनी ईसीजी आणि डॉक्टर सांगतील तर स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. दोन्ही मिळून साधारण दोन ते साडेतीन हजार लागतात. घरात कुणाला हृदयविकार असेल तर तिशीतच करा. या खर्चात काटकसर नको.

खाण्यापिण्यावर फार खर्च करायची गरज नाही. एनर्जी जेलची एक पुडी शंभराच्या आसपास पडते आणि अर्ध्या मॅरेथॉनला दोन लागतात. खजूर, चिक्की, केळं यांनीही तेच काम होतं, फक्त सरावात खाऊन पोटाला सवय लावा. ओआरएस घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, औषधाच्या दुकानातलं पाकीट घ्या. ते वीस-पंचवीस रुपयांना मिळतं. गोड पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, ती योग्यच झाली.

बाहेरगावची एक स्पर्धा वर्षाला पुरे. बहुतेकांच्या मनात सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाणारी ही स्पर्धा २०१५मध्ये डोंगरी धावेतल्या सर्वाधिक धावपटूंसाठी गिनीज बुकात गेली. तिथे फीपेक्षा मुक्काम महाग पडतो. स्पर्धेच्या दोन रात्री खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर वाढलेले असतात. नोंदणी मिळाली त्याच दिवशी खोली ठरवा, शक्य असेल तर चौघांत एक. एसटीने गेलात तर महिलांना तिकीट अर्धं आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. प्रवास, मुक्काम, जेवण, फी सगळं धरून माणशी साडेचार ते सहा हजार हाताशी असावेत.

सायकलवाल्यांचा हिशेब वेगळा आहे. सुरुवातीचा घास मोठा, पण स्पर्धेची फी तुलनेने कमी. हायब्रिड सायकल १५ ते ३० हजारांत येते, बऱ्यापैकी रोड बाइक ४५ हजारांपुढे. सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्के झाला आहे, दुकानदाराने जुन्या दराचं बिल दिलं तर विचारा. बिल आणि फ्रेमवरचा नंबर फोटो काढून ठेवा, चोरी झाली तर पोलिसांना तेच लागतं. हेल्मेट दीड-दोन हजारांचं, पुढचा-मागचा दिवा, दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि पॅडची शॉर्ट मिळून पाच-सहा हजार वेगळे धरा. पूर्व द्रुतगती महामार्गावर ट्रकच्या फाटलेल्या टायरांतल्या तारा पसरलेल्या असतात, त्यामुळे ट्यूब लागतातच. सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा, त्यातलं एक पावसाळा संपल्यावर.

लांब पल्ल्याला बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर कापायची सायकलफेरी, हा सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक मार्ग आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. फी साधारण हजाराच्या आसपास, मेडल हवं तर त्याचे वेगळे. चमकणारं जॅकेट आणि दिवे नसले तर सुरुवातच करू देत नाहीत. मित्राच्या सायकलवर पहिली २०० करून पाहा, जमली तर नवी घ्या. पुणे-गोवा ६४३ किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरला मात्र सोबत गाडी आणि मदतीला माणसं लागतात. इंधन, मुक्काम आणि माणसांच्या रजा धरल्या तर खर्च सहज लाखाकडे सरकतो. तो एकट्याने उचलण्यापेक्षा चौघांचा संघ करावा.

रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक सभासदाने बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा घेतलेला असावा. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. हाड मोडलं तर तो कामाला येत नाही, त्यासाठी आरोग्य विमाच हवा.

शेवटी क्लबच्या फंडाबद्दल. तो सहलीत आणि जर्सीत संपवण्यापेक्षा कोपरीतल्या वेगवान पोरापोरींवर खर्च व्हावा. जिल्हा संघटनेच्या स्पर्धांची फी किरकोळ असते, पण स्पाइक्सना अडीच ते पाच हजार लागतात आणि राज्य स्पर्धेला जायचं तर प्रवास येतो. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर उतरणाऱ्यांना ॲथलेटिक्स फेडरेशनचा यूआयडी क्रमांक लागतो, आणि वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखल्यावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी आणि आधारशी जुळावं लागतं. जुळत नसेल तर ती दुरुस्ती व्हायला महिनेही लागतात, म्हणून पालकांनी ती नोंदणीची तारीख जाहीर होण्याआधीच उरकावी. सिंथेटिक ट्रॅकवर सराव करायचा तर दादोजी कोंडदेव क्रीडागृह स्टेशनच्या पश्चिमेला आहे. पास, वेळा आणि विद्यार्थ्यांची सवलत तिथल्या कार्यालयात विचारा, जाताना शाळेचं ओळखपत्र आणि दोन फोटो न्या.