दोन चक्रफुलांची ओळख

काळा मसाला कुटावयास घेतला म्हणजे धने, दगडफूल, नागकेशर यांच्या पंक्तीस चक्रफूलही येऊन बसते. नावात फूल असले तरी ते वस्तुतः फळ आहे. मध्यबिंदूभोवती बहुधा आठ कोश चांदणीप्रमाणे मांडलेले असतात व प्रत्येक कोशात एक तुकतुकीत तपकिरी बी असते. दक्षिण चीन व व्हिएतनाम ही याची मुख्य भूमी. पोटातील वायू सरावा म्हणून याचा काढा देण्याची चाल अनेक देशांत आहे आणि तो पुष्कळदा तान्ह्या मुलांनाच पाजला जातो. पुढील सर्व विवेचनाचे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

कारण या वृक्षाचा एक सख्खा भाऊ जपानात वाढतो. त्याचे तेथील नाव शिकिमी. बौद्ध मंदिरांच्या आवारात व थडग्यांपाशी तो लावतात, त्याच्या सालीपासून धूप करतात. परंतु त्याचे फळ विषारी आहे. जपानी फळ किंचित लहान, त्याच्या कोशांची चोच अधिक बाकदार, वास फिका, असे भेद ग्रंथांत दिलेले आढळतात. ते खरे आहेत. पण वाळून, मोडून, पोत्यात मिसळलेल्या मालात ते कोणी शोधावेत? आणि भुकटी केल्यावर तर डोळ्यांचे कामच संपले. (चव घेऊन पाहण्याचा मोह मात्र कोणी धरू नये.) नावांनीही या घोटाळ्यात भरच घातली. लिनीअसने १७५९ साली ‘इलिसियम अनिसाटम’, म्हणजे बडीशेपेसारख्या वासाचे, हे नाव दिले, ते आज जपानी विषारी वृक्षाकडे आहे. खऱ्या चक्रफुलास ‘इलिसियम व्हेरम’ हे स्वतंत्र नाव मिळण्यास हूकरच्या लेखणीतून १८८८ साल उजाडावे लागले.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. सन २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये चक्रफूल घातलेला वनस्पतींचा चहा पिऊन साठाहून अधिक लोक आजारी पडले व त्यांतील काहींना आकडी आली. त्या चक्रफुलांत जपानी फळांची भेसळ होती. अमेरिकेत २००३ साली सुमारे ४० जणांना अशाच चहाने बाधा झाली; त्यांत सुमारे १५ तान्ही बाळे होती.

अशा वेळी वनस्पतीची ओळख तिच्या अंगच्या द्रव्यांवरून पटवावी लागते. ओल्या टीपकागदावर शाईचा थेंब पसरताना तिचे निरनिराळे रंग कसे वेगळे होतात, हे आपण वर्गात पाहिलेच आहे. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने याच तत्त्वावर पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली आणि १९०६ साली त्या रीतीस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, हे नाव दिले. आता फळाचा अर्क सिलिकाचा पातळ थर दिलेल्या काचेवर ठिपक्याने ठेवतात. द्रावक वर चढतो, आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या उंचीवर थांबते. ठिपक्यांची ही रांग म्हणजे त्या वनस्पतीच्या बोटाचा ठसाच.

खऱ्या चक्रफुलाच्या तेलात अनेथोल हे द्रव्य बहुतांशी भरलेले असते. बडीशेपेचा गोड वास याचाच. जपानी फळाच्या तेलात ते फारसे नसते. उलट जायफळात आढळणारे मिरिस्टिसिन त्यात सापडते. परंतु कोणतेही एक द्रव्य पाहून निकाल देता येत नाही. शिकिमिक आम्ल आइकमन या डच रसायनज्ञाने १८८५ साली जपानी फळातून काढले व नावही शिकिमीवरूनच ठेवले. पण ते खऱ्या चक्रफुलातही विपुल असते, इतके की त्यापासून ‘टॅमिफ्लू’ हे इन्फ्लुएन्झावरील औषध तयार करण्यात आले. तेव्हा या आम्लावरून दोहोंत भेद करणे शक्य नाही.

आमच्या मते खरी मेख भेसळीत आहे. नऊ भाग खरी फळे व एक भाग जपानी, असे मिश्रण तपासले तर अनेथोल भरपूर दिसेल आणि माल शुद्ध वाटेल. अनेथोल सापडल्याने खरे फळ आहे एवढेच सिद्ध होते. खोटे नाही, हे सिद्ध होत नाही. म्हणून विषाचाच शोध घ्यावा लागतो. ते विष म्हणजे अनिसाटिन. मेंदूतील पेशींना शांत ठेवणाऱ्या गाबा या द्रव्याचे कार्य ते रोखते, आणि म्हणून आकडी येते. ते वाफेबरोबर उडून जात नाही. त्यामुळे सुगंधी तेलाच्या परीक्षेत ते हाती लागत नाही. त्यासाठी द्रव वर्णलेखनाने अर्कातील द्रव्ये वेगळी करून रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रास जोडतात. मग अत्यल्प अंशही ओळखू येतो.

येथेही सावधपणा हवाच. खऱ्या चक्रफुलातही व्हेरॅनिसाटिन नावाची त्याच जातीची द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. मसाल्यात पडणाऱ्या एखाद्या फळाने त्यांचे भय नाही. पण तान्ह्या बाळाला चक्रफुलाचा काढा, मग तो कितीही शुद्ध फळांचा असो, पाजू नये.