कणगीत पीठ कशाला?
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भांडाराविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मूळ प्रत कोणती आणि तिच्यावरून उतरलेली कोणती, हा प्रश्न आपलाच नव्हे काय? जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेत तो अभ्यासकांना पडतो. संगणकासाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना तो रोज पडतो.

आज्ञावली माणूस लिहितो. हे लेखन म्हणजे सोर्स कोड. ‘सी’सारख्या भाषेतले लेखन यंत्राला थेट कळत नाही, कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि त्या खटाटोपात ढीगभर नव्या फायली जन्मास येतात. अनेकांचे लेखन ज्या सामायिक भांडारात राहते त्याला रिपॉझिटरी म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केलेले गिट हे त्यासाठीचे सर्वांत प्रचलित साधन. तेथला नियम असा की, हाताने लिहिलेले भांडारात ठेवावे. यंत्राने त्यावरून घडवलेले ठेवू नये.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. हा नियम आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “कणगीत ज्वारी ठेवतात. पीठ कोण ठेवतं? लागेल तसं दळावं.” इतके नेमके स्पष्टीकरण मला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही.

संगणकातले पीठही शिळे होते. मूळ लेखन बदलले आणि घडवलेली फाईल तशीच राहिली, तर दोहोंत खरे कोणते मानावे? शिवाय गिट काही विसरत नाही. आज टाकलेली अवजड फाईल उद्या काढली तरी ती इतिहासात राहतेच, आणि पुढे भांडाराची पूर्ण प्रत घेणारा प्रत्येक जण तो भार वाहतो. पण याहून गंभीर गोष्ट अशी की, यंत्राने घडवलेली फाईल कोणी वाचत नाही.

हे किती महागात पडू शकते ते २०२४ साली दिसले. ‘एक्सझेड’ ही माहिती आटोपशीर करणारी, लिनक्सवर सर्वत्र वापरली जाणारी आज्ञावली. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट निघाली. तिचा ऐवज चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या, डोळ्यांनी न वाचता येणाऱ्या फायलींत दडवलेला होता. तो बाहेर काढून जोडणारा मजकूर मात्र भांडारात नव्हताच. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. अशा गठ्ठ्यात यंत्राने घडवलेल्या जादा फायली असणे इतके नित्याचे की कोणाला शंका आली नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्यांनी चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च रोजी प्रकरण जाहीर केले. अर्ध्या सेकंदावरून! मला तर हे एखाद्या रहस्यकथेहून थरारक वाटते.

व्यवहारात करायचे ते थोडके आहे. भांडारात ‘डॉट गिटइग्नोर’ नावाची फाईल ठेवून तीत वगळायच्या फायलींची नावे लिहावीत. मात्र जी फाईल गिटने आधीच नोंदून घेतली आहे तिला ही यादी लागू होत नाही. तिची नोंद वेगळी काढावी लागते. मग रिकाम्या जागी भांडाराची ताजी प्रत घेऊन सारे पुन्हा घडवून पाहावे. घडले नाही, तर हाताने लिहिलेले काहीतरी कोणाच्या तरी यंत्रावरच राहिले आहे असे समजावे.

नियमाला अपवादही आहे. बाहेरून आणलेल्या साहित्याच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी ‘लॉक फाईल’ यंत्रच लिहिते, तरी एखाद्या उपयोजनाच्या भांडारात ती ठेवतात. कोणते धान्य कोठून आणले याची ती पावती असते. ती फेकली तर उद्याचे दळण आजच्यासारखे निघेलच असे नाही.