वाळलेल्या पानांची साक्ष

गाजराचा रंग पांढुरका झाला तर ते जसे दिसेल, तसे एक कंदमूळ युरोपातील लोक शतकानुशतके आवडीने खात आले आहेत. त्याचे नाव पार्स्निप. कोथिंबीर, शेपू, जिरे, ओवा ही सारी त्याची भाऊबंद मंडळी. छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेले फुलोरे ही या घराण्याची खूण होय. (आपल्या रस्त्यांच्या कडेला माजणारे गाजरगवत मात्र या घराण्यातले नव्हे, पानांचे रूप तेवढे सारखे!)

सतराव्या शतकात युरोपीय वसाहतकऱ्यांनी पार्स्निपचे बी उत्तर अमेरिकेत नेले. मळ्यांतून निसटून ते रानोमाळ पसरले आणि पाहुणा म्हणून आलेली वनस्पती तेथे तण होऊन बसली.

पार्स्निपचे मूळ गोड. परंतु पानाखोडांचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडले, की कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात. हा दाह करणाऱ्या द्रव्यांना फ्युरानोकुमारिने म्हणतात. वनस्पतीला शत्रूपासून पळून जाता येत नाही. म्हणून विष हेच तिचे शस्त्र. एका पतंगाची अळी मात्र या शस्त्राला सहसा भीत नाही. कळ्या व कोवळी फळे जाळ्यात गुंडाळून ती आत बसून खाते, आणि पोटात गेलेले विष निष्प्रभ करते. तिच्या या शक्तीलाही सीमा आहे. विष फार झाले, की तिची वाढ मंदावते.

पार्स्निप अमेरिकेत गेले तेव्हा ही अळी युरोपातच राहिली होती. सुमारे अडीचशे वर्षांनी, १८६९ च्या सुमारास, तीही नकळत अमेरिकेत पोहोचली. मधल्या काळात, शत्रूच नसताना, पार्स्निपच्या विषाचे काय झाले असेल? ते त्या काळी कोणी मोजून ठेवले नव्हते.

परंतु वनस्पती वाळवून, कागदावर चिकटवून, स्थळ व दिनांक लिहून जपून ठेवण्याची परिपाठी वनस्पतिशास्त्रज्ञांत जुनी आहे. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. लहानपणी आम्हीही पुस्तकांत पिंपळपाने ठेवीत असू. मात्र त्यांवर दिनांक घालण्याचे कोणाला सुचले नाही! इलिनॉय विद्यापीठातील आर्थर झँगर्ल आणि मे बेरेनबाम यांनी १५२ वर्षांच्या काळातील असे नमुने तपासले व २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. अळी येण्यापूर्वीच्या आणि ती नुकतीच स्थिरावत असतानाच्या अमेरिकन नमुन्यांत विष कमी होते. पुढील काळातील नमुन्यांत ते वाढलेले आढळले.

येथे एक शंका तुमच्या मनात यावयास हवी. जुन्या नमुन्यांतील विष वर्षे लोटल्यामुळेच उडून गेले नसेल कशावरून? त्यासाठी युरोपातील जुने नमुनेही तपासले होते. ते तितकेच जुने असूनही त्यांतील विष अमेरिकेतील आरंभीच्या नमुन्यांपेक्षा अधिक भरले. अर्थात, दोष काळाचा नव्हता.

याचा उलगडा असा करता येतो. विष तयार करण्यात वनस्पतीची शक्ती खर्च होते. शत्रू नसेल, तर तो खर्च टाळणाऱ्या झाडांचे काही बिघडत नाही. अळी आली, की कमी विषाच्या झाडांची फळे आधी फस्त होतात. अधिक विषाच्या झाडांचे बी शिल्लक राहते, आणि पुढची पिढी त्यांच्यासारखी निपजते. परदेशी तणाचा नाश करण्यासाठी त्याच्या मायदेशातील कीटक आणावे, असा उपाय अनेकदा सुचविला जातो. तो पुष्कळदा गुणकारीही ठरतो. परंतु येथे कीटक आला आणि उरलेले तण माणसाला अधिक पोळू लागले, हे मला विशेष वाटते.

न्यूझीलंडमध्येही पार्स्निप रानोमाळ वाढते. तेथे ही अळी प्रथम आढळली २००४ मध्ये. या वेळी शास्त्रज्ञांना वाळलेल्या पानांवर विसंबावे लागले नाही. हिरव्या, उभ्या झाडांचीच तपासणी करता आली.