पुली नवी, टकटक नवी

क्रँक पुली बदलून दोनेक आठवडे झाले असतील. गाडी आयडलवर उभी असली की इंजिनाच्या खालच्या अंगाने टकटक यायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की विरून जायची. ज्या गॅरेजात पुली बसवली होती तिथल्या मेकॅनिकने कान देऊन ऐकलं आणि सांगून टाकलं, ‘बेअरिंग बोलायला लागलंय साहेब. इंजिन उतरवावं लागेल.’ डिझेल इंजिन, दीड लाख किलोमीटरच्या पुढे चाललेलं. असं ऐकल्यावर मालक वाद घालत नाही, पैशांची जुळवाजुळव करायला लागतो.

मी साताऱ्यातले एक जुने मिस्त्री गाठले. आवाज ऐकण्याआधी त्यांनी विचारलं, शेवटचं काम कशाचं केलंत? पुली म्हटल्यावर त्यांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. पुढचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं आवरण सोडवलं, बेल्ट उतरवला आणि दोन्ही हातांनी पुली धरून मागेपुढे फिरवून पाहिली. किंचित खुट्‌ झालं. बोल्टच्या वॉशरभोवती तांबूस भुकटी साचली होती. ‘पावसाचा गंज नाही हा,’ ते म्हणाले, ‘लोखंडावर लोखंड घासतंय.’ पुली बाहेर आली तेव्हा पुली आणि क्रँकच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी चावीच्या एका कडेला पायरी पडलेली दिसली. नवी चावी, नवा बोल्ट पडला आणि टकटक गेली. बेअरिंगना काही झालंच नव्हतं.

पुली क्रँकवर फिरू नये म्हणून चावी असते, असं आपण धरून चालतो, कित्येक मेकॅनिकही. बहुतेक इंजिनांत चावी फक्त जागा दाखवते. पुलीला खरं धरून ठेवतो तो बोल्टचा दाब. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे २,००० आरपीएमला मिनिटाला ४,००० धक्के. दर धक्क्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. बोल्टचा दाब कमी पडला की हे सगळे धक्के त्या बोटाच्या पेराएवढ्या चावीवर येतात. आधी चावी झिजते, मग खाच. चावी दुकानात मिळते; खाच क्रँकमध्येच असते. शिवाय अनेक इंजिनांत याच बोल्टखाली टायमिंगचं चक्रही आवळलेलं असतं. ते सरकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायला वेळ लागत नाही. म्हणून पुली बदलल्यावर टकटक सुरू झाली, तर ‘घाट उतरून गेल्यावर दाखवू’ असं करू नये. गाडी तिथेच थांबवावी.

बोल्ट सैल का झाला असेल, हे उघड होतं. जुनाच बोल्ट परत वापरला होता आणि इम्पॅक्ट गनने ठोकून दिला होता. गनने सोडवायला हरकत नाही. आवळताना तिच्यावर माझा विश्वास नाही, कारण ती आवाज मोठा करते, माप देत नाही. गाडीगणिक हे माप बदलतं. कुठे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, कुठे २०० च्या पुढे, तर कुठे आधी ठरावीक माप आणि वर ९० अंशांचा पीळ. पीळ देऊन आवळायचे बोल्ट ताणले जातात. कंपनीने नवा टाकायला सांगितलं असेल तर तिथे काटकसर नको. पुली आणि क्रँक जिथे एकमेकांना टेकतात तो फेस पुसलेला हवा. रंगाचा पापुद्रा किंवा गंजाची खपली मध्ये राहिली, तर आज टॉर्क रेंच ‘कट्‌’ म्हणतो आणि पुढच्या महिन्यात बोल्ट सैल सापडतो.

सगळेच आवाज मात्र बोल्टचे नसतात. चिमणीसारखी चिवचिव असेल तर बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारावं, हात आणि बाही लांब ठेवून. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत: पुली पूर्ण आत बसलेली नसते किंवा तिची जाडी वेगळी असते. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, टेन्शनर बघा. बोल्ट पक्का असल्याची खात्री झाल्यावर बेल्ट काढून इंजिन काही सेकंदच चालवावं. आवाज थांबला तर दोष ऑल्टरनेटर, एसी किंवा आयडलरकडे. बऱ्याच डिझेल गाड्यांत ऑल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी असते. ती बिघडली की बेल्ट फडफडतो आणि बोल नव्या क्रँक पुलीला लागतो.

पुलीच्या मागे तेल ओघळत असेल तर क्रँकच्या ऑइल सीलची कड बसवताना कोरडीच राहिली असेल, किंवा जुनी पुली ठोकून काढताना ती फाटली असेल. ठोकणं मुळातच वाईट. ते धक्के क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगपर्यंत जातात. काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे दात पुलीवरच असतात. तिथे चुकीची पुली बसली तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०३३५ सारखा कोड येतो. अशा वेळी सेन्सर बदलत बसू नये.

पुली घेताना वजन हातात घेऊन पाहावं. आतला हब, बाहेरची कडी आणि मध्ये रबर, अशी ती क्रँकचा पीळ शोषायला बनवलेली असते. पुण्याच्या नाना पेठेत निम्म्या किमतीची पुली मिळेल, पण त्या रबराची जात डोळ्यांना दिसत नाही. बसवल्यावर हबपासून कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर रबर सुटलं, आणि कडीवरच्या टायमिंगच्या खुणाही आता खोट्या.

खाचच फाटली असेल तर पर्याय महाग आहेत. माझ्दाच्या मियाटा गाडीच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं आणि हा बिघाड त्यांत गाजला. १९९१ मध्ये कंपनीने ते टोक आणि बोल्ट दोन्ही मोठे केले. जुन्या गाड्यांचे मालक खाचेतली पोकळी धातू चिकटवणाऱ्या लॉक्टाइटने भरून, नवी चावी बसवून गाडी चालवतात. खाच थोडीच झिजली असेल तर मी हा मार्ग आधी विचारात घेईन. अट एवढीच की सील त्याच वेळी नवं टाकायचं. हे चिकटवलेलं पुढे सोडवायचं तर ती जागा चांगलीच तापवावी लागते आणि शेजारचं रबर त्यात टिकत नाही.